मिक चॅनन: साउदॅम्प्टनचा गोलवीर ते वेस्ट इल्स्लीचा घोडेप्रशिक्षक

महालक्ष्मीकर

साउदॅम्प्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबसाठी सर्वाधिक गोल कोणी केले, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण मॅट ल टिसिए यांचे नाव घेतील. तो मान मिक चॅनन यांचा आहे. सर्व स्पर्धा मिळून त्यांचे २२८ गोल आहेत आणि ल टिसिए २०९ वर थांबले. इंग्लंडसाठी चॅनन ४६ सामने खेळले आणि त्यांत त्यांनी २१ गोल केले. १९७६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या साउदॅम्प्टनने मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून एफए कप उचलला, त्या संघात ते होते. गोल झाला की हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवत धावण्याची त्यांची लकब त्या काळातल्या प्रेक्षकांना तोंडपाठ होती. पण हा धागा त्यांच्या गोलांसाठी काढलेला नाही. १९८६ मध्ये बूट खुंटीला टांगल्यावर चारच वर्षांत त्यांनी शर्यतीच्या घोड्यांचे प्रशिक्षक म्हणून परवाना घेतला आणि पुढची बत्तीस-तेहेतीस वर्षे तोच धंदा केला, त्याविषयी मला लिहायचे आहे.

खेळाडूंनी घोडे विकत घेणे ही इंग्लंडमध्ये नवलाईची गोष्ट नाही. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे नाव ‘रॉक ऑफ जिब्राल्टर’ या घोड्याशी आणि त्याच्या मालकीवरून झालेल्या वादाशी जोडलेले सर्वांनाच आठवत असेल. परंतु मालक होणे आणि प्रशिक्षक होणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालक रविवारी टोपी घालून पॅडॉकमध्ये उभा राहतो आणि महिन्याचे बिल भरतो. प्रशिक्षक पहाटे तबेल्यात असतो, कोणत्या घोड्याने काल दाणा न खाता तसाच टाकला, कोणाचा पाय गरम लागतो आणि कोणाला पुढच्या आठवड्यात कुठे धाववायचे हे ठरवतो, आणि घोडा हरला की मालकाला फोनही त्यालाच करावा लागतो.

चॅनन या धंद्यात अचानक उपटले नाहीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खेळत असतानाच त्यांच्याकडे घोडे होते आणि एका घोड्यात केव्हिन कीगन यांची भागीदारीही होती. कॅथी जेन ही त्यांची घोडी. तिच्या पोटचा जेम्समीड १९८८ मध्ये न्यूबरीची टोट गोल्ड ट्रॉफी ही अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकला, तेव्हा चॅनन यांच्याकडे प्रशिक्षकाचा परवानाही नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी इतर प्रशिक्षकांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. देशाच्या संघातून खेळलेल्या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या तबेल्यात हुकूम ऐकत राबणे ही सोपी गोष्ट नाही. १९९० मध्ये लॅम्बोर्न येथे त्यांनी स्वतःचा तबेला थाटला तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम दहाएक घोडे होते.

पुढचा आलेख थोडक्यात असा. १९९४ मध्ये पिकोलो या घोड्याने यॉर्कची ननथॉर्प शर्यत जिंकून दिली, ती त्यांची पहिली ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, शर्यत. पुढच्याच वर्षी पिकोलोने ॲस्कॉटची किंग्ज स्टँडही मारली. १९९९ मध्ये चॅनन यांनी राणी एलिझाबेथ यांच्याकडून वेस्ट इल्स्लीचा तबेला विकत घेतला. डिक हर्न यांनी ब्रिगेडियर जेरार्ड, ट्रॉय आणि नॅशवान यांसारखे घोडे याच तबेल्यात घडवले होते. त्यानंतर तोबूग, क्वीन्स लॉजिक, झफीन, युमझेन, समितार अशी नावे येत गेली. कारकीर्द संपली तेव्हा जिंकलेल्या शर्यतींची संख्या अडीच हजारांच्या वर गेलेली होती.

माझे मत असे की या यशात फुटबॉलच्या कीर्तीचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे आणि त्या उमेदवारीचा वाटा बराच जास्त आहे. इतरांना काय वाटते ते वाचायला आवडेल.

सेंटर_हाफ

उत्तम धागा. फुटबॉलच्या बाजूने थोडी भर घालतो.

त्या पिढीतील इंग्लंडचे बहुतेक नामवंत खेळाडू निवृत्तीनंतर क्लबांचे व्यवस्थापक झाले. चॅनन यांचे जवळचे मित्र ॲलन बॉल पोर्ट्समथ, साउदॅम्प्टन आणि मँचेस्टर सिटी येथे व्यवस्थापक होते. कीगन तर न्यूकॅसल आणि पुढे राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. चॅनन त्या वाटेला गेलेच नाहीत. मला यात शहाणपण दिसते, कारण व्यवस्थापकाची नोकरी सहा सामने हरले की जाते, आणि ज्या अध्यक्षाच्या मर्जीवर ती टिकते त्याला खेळातले काही कळत असेलच असे नाही.

या संदर्भात फ्रान्सिस ली यांची कथा उलट्या दिशेने जाते. मँचेस्टर सिटी आणि डर्बी काउंटी या दोन्ही संघांबरोबर त्यांनी लीग विजेतेपद मिळवले, १९७० चा विश्वचषक खेळले, टॉयलेट पेपरच्या कारखानदारीत पैसा केला आणि शर्यतीच्या घोड्यांचे प्रशिक्षकही झाले. मग १९९४ मध्ये ते मँचेस्टर सिटीचे अध्यक्ष होऊन फुटबॉलमध्ये परतले, १९९५ मध्ये त्यांनी व्यवस्थापक म्हणून ॲलन बॉल यांनाच आणले आणि १९९६ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला. घोड्यांपाशीच राहिले असते तर त्यांच्या मनाला जास्त शांतता मिळाली असती, असे मला नेहमी वाटते.

शंकेखोर

महालक्ष्मीकर, लेख आवडला, पण निष्कर्ष गळी उतरत नाही.

शर्यतीचे घोडे हा मालकांच्या पैशावर चालणारा व्यवहार आहे. प्रशिक्षकाला रोजचे शुल्क मिळते आणि बक्षिसातून दहा टक्क्यांच्या आसपास वाटा मिळतो. इंग्लंडमध्ये छोट्या शर्यतींची बक्षिसे इतकी तुटपुंजी असतात की मालकाचा वर्षाचा खर्चही त्यातून निघत नाही. अशा ठिकाणी मालक गाठीला असणे हेच खरे भांडवल ठरते. इंग्लंडसाठी २१ गोल केलेल्या माणसाचा फोन कोण उचलणार नाही? त्याच लॅम्बोर्नमध्ये त्याच वर्षी एखाद्या मोतद्दाराच्या मुलाने परवाना घेतला असता, तर त्याला दहा घोडे मिळाले असते का, आणि नऊ वर्षांत राणीचा तबेला विकत घेण्याइतकी पत त्याच्यापाशी आली असती का? उमेदवारी दोघांनीही केली असती.

महालक्ष्मीकर

शंकेखोर, पहिले दहा घोडे नावावर मिळाले असतील, हे मी मान्य करतो. पण अकरावा घोडा नावावर मिळत नाही. या धंद्याचा हिशेब रोजच्या रोज वर्तमानपत्रात छापून येतो. कोणाचा घोडा कुठे धावला आणि कितवा आला हे सगळ्या मालकांना दिसते, आणि सहा महिने घोडे मागे राहिले की मालक शांतपणे ट्रक पाठवून घोडा दुसऱ्या तबेल्यात हलवतो. तिथे एफए कपचे पदक दाखवून उपयोग नसतो.

नाव पुरेसे असते तर तबेल्यात शिरलेला प्रत्येक फुटबॉलपटू चॅनन झाला असता. न्यूकॅसलसाठी १९८९ मध्ये लीड्सविरुद्ध पदार्पणातच चार गोल करणारे मिक क्विन हेही पुढे प्रशिक्षक झाले, आणि त्यांनी सुरुवातीचे धडे चॅनन यांच्याच तबेल्यात गिरवले होते. ते न्यूमार्केटला राहून छोट्या प्रमाणावर घोडे धाववत राहिले. प्रेक्षकांत त्यांचे नाव काही कमी नव्हते.

चॅनन यांच्या तबेल्याची ओळख ठरली ती दोन वर्षांच्या घोड्यांमुळे. शरदातल्या लिलावात वर्षाचे शिंगरू घ्यायचे, हिवाळ्यात त्याला लगाम आणि खोगीर यांची सवय लावायची आणि वसंतात ते शर्यतीला तयार असले पाहिजे. ॲस्कॉटची क्वीन मेरी ही शर्यत दोन वर्षांच्या घोड्यांसाठी, त्यातही फक्त माद्यांसाठी असते. ती त्यांनी १९९८ मध्ये बिंत अल्लेल हिच्याकरवी आणि २००१ मध्ये क्वीन्स लॉजिक हिच्याकरवी जिंकली. एवढ्या लहान वयात घोडा तयार करायचा आणि तो मोडायचा नाही, हे कसब कोणत्याही ओळखीतून येत नाही.

थेम्सकाठी

मी बर्कशायरमध्ये राहते, त्यामुळे या परिसराविषयी दोन शब्द लिहिते.

वेस्ट इल्स्ली हे डाउन्स नावाच्या उघड्या टेकड्यांच्या कुशीतले लहानसे गाव आहे. खाली चुनखडीची जमीन आणि वर शतकानुशतके न नांगरलेले गवत असल्यामुळे पाऊस लगेच मुरतो, आणि घोड्याच्या पायाला हवी तशी किंचित दबणारी भुई तिथे वर्षाचा बराच काळ मिळते. लॅम्बोर्नसारखी गावे या धंद्यावर जगतात ती याच कारणाने. टेकडीची चढण घोड्याचा दम वाढवते आणि चढावर धावताना पुढच्या पायांवर सपाटीपेक्षा कमी आदळआपट होते. लोक शर्यत पाहतात, पण खरे काम इथे चढणीवर होते.

गुड फ्रायडेला लॅम्बोर्नचे तबेले लोकांसाठी उघडे असतात. तिथे एका मुलीने आम्हाला दाखवलेली गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. ती घोड्याच्या पुढच्या पायाशी उकिडवी बसली, डोळे दुसरीकडेच वळवले आणि गुडघ्याच्या मागून खुरापर्यंत तळहात हळूहळू खाली आणला. मग दुसऱ्या पायावरून तसाच. दोन पायांच्या उबेत फरक लागला, तर तो घोडा त्या दिवशी धावत नाही. डोळे का वळवलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली की पाहत राहिले की हाताला कमी कळते. हे तिच्या वाट्याच्या प्रत्येक घोड्यापाशी रोज सकाळी होते, आणि प्रशिक्षक स्वतः संध्याकाळी फेरी मारतो तेव्हा पुन्हा होते.

अश्ववैद्य

थेम्सकाठी ताईंनी लिहिलेला प्रसंग या चर्चेचा गाभा आहे, असे मला व्यवसायामुळे वाटते.

फुटबॉल खेळलेल्या माणसाला शरीर तयार करण्याचे काही नियम अंगवळणी पडलेले असतात: ताण वाढवत न्यायचा, मध्ये विश्रांती द्यायची, दुखापतीनंतर घाई करायची नाही. ते घोड्यालाही लागू पडतात. पण घोडा दुखते म्हणून सांगत नाही. उलट तो कळपात पळणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवून सोबत्यांबरोबर धावत राहतो. सुमारे पाचशे किलोंचा प्राणी ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावतो, तेव्हा पुढच्या एकेका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे त्याचे हृदय त्या वेळी दोनशेच्या पुढे गेलेले असते. स्नायू आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि अस्थिबंध यांना त्याहून पुष्कळ वेळ लागतो. म्हणजे बाहेरून घोडा झळझळीत दिसत असतो आणि आतून पाय अजून कच्चे असतात. दोन वर्षांच्या घोड्यात हा धोका सर्वाधिक असतो. नळीच्या हाडाचा पुढचा भाग दुखरा होणे हे आमच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे.

क्वीन्स लॉजिकचेच पाहा. २००१ मध्ये ती चारही शर्यती जिंकली आणि त्यांपैकी चेव्हली पार्क तर सात लांबींनी जिंकली (एक लांबी म्हणजे साधारण एका घोड्याच्या लांबीइतके अंतर). २००२ च्या वसंतात फ्रेड डार्लिंग ही पाचवी शर्यतही तिने मारली. वन थाउजंड गिनीज या तीन वर्षांच्या माद्यांच्या मानाच्या शर्यतीसाठी तीच सर्वांची पसंती होती, पण त्याआधीच ती लंगडली आणि पुन्हा कधी धावली नाही. पाचपैकी पाच जिंकून ती निवृत्त झाली. यात तबेल्याचा दोष काढता येत नाही. उत्तम प्रशिक्षकाच्या हातातही हे होते आणि त्यावर इलाज नसतो.

पुनवडी

आपल्याकडे अशी वाट फारशी दिसत नाही. मुंबई-पुण्यात जॉकीचा प्रशिक्षक होणे ही रूढ परंपरा आहे. पेसी श्रॉफ यांनी घोड्यावर बसून इंडियन डर्बी अनेकदा जिंकली आणि नंतर प्रशिक्षक म्हणूनही पहिल्या रांगेत राहिले, हे महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या खेळातून येऊन या धंद्यात मुरलेला प्रशिक्षक मला तरी आठवत नाही. श्रॉफ घोड्याचा श्वास मांड्यांखाली ओळखत आले होते. चॅनन यांना ते सगळे जमिनीवर उभे राहून शिकावे लागले, आणि म्हणून महालक्ष्मीकरांच्या उमेदवारीच्या मुद्द्याकडे माझा कल आहे.

लांबून_पाहणारा

युमझेनचा उल्लेख कोणी केवळ नावापुरता करून पुढे जाऊ नये, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

पॅरिसजवळच्या लाँगशाँला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणारी प्री द लार्क द त्रिओंफ ही युरोपातली सर्वांत मानाची शर्यत. अंतर २४०० मीटर, म्हणजे आपल्या इंडियन डर्बीइतकेच. चॅनन यांचा युमझेन या शर्यतीत २००७, २००८ आणि २००९ अशी सलग तीन वर्षे दुसरा आला. २००८ मध्ये पुढे झारकावा होती आणि २००९ मध्ये सी द स्टार्स होता. दोन्ही वेळा अंतर दोन लांबींचे होते आणि दोन्ही वेळा समोरचा घोडा त्या दशकातील सर्वोत्तमांपैकी होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

२००७ चे मात्र खुपते. त्या वर्षी युमझेन डिलन टॉमसच्या मागे केवळ डोक्याच्या अंतराने राहिला. शेवटच्या टप्प्यात डिलन टॉमस सरळ रेषा सोडून बाजूला सरकला होता आणि त्यामुळे इतर घोड्यांना अडथळा झाला होता. स्ट्यूअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, चौकशी लावली, ती अर्ध्या तासाच्या आसपास चालली, आणि इतका वेळ लागल्यावर निकाल फिरणार असे अनेकांना वाटू लागले होते. शेवटी डिलन टॉमसचा विजय कायम ठेवला गेला. आता गंमत अशी की चॅनन यांची पहिली ग्रुप वन शर्यत, म्हणजे वर उल्लेखलेली १९९४ ची ननथॉर्प, त्यांना स्ट्यूअर्ड्सच्या खोलीतूनच मिळालेली होती. तेव्हा पहिली आलेली ब्लू सायरन दुसऱ्या क्रमांकावर ढकलली गेली आणि पिकोलोला शर्यत बहाल झाली. तेरा वर्षांनी हिशेब उलटा लागला.

याहून चमत्कारिक म्हणजे डिलन टॉमस हा क्वीन्स लॉजिकचा सावत्र भाऊ. दोघांची आई एकच, लॅग्रियन. आणि २००७ मध्ये डिलन टॉमसवर बसून युमझेनला हरवणारे किरन फॅलन २००९ मध्ये युमझेनवर बसले आणि दुसरे आले.

युमझेनने २००८ मध्ये फ्रान्सची ग्राँ प्री द साँ-क्लू आणि त्याआधी २००६ मध्ये जर्मनीची प्राइस फॉन युरोपा जिंकली होती, त्यामुळे तो नुसता दुसरा येणारा घोडा नव्हता. पण चॅनन ४६ सामने खेळूनही विश्वचषकात कधी उतरले नाहीत, कारण १९७४ आणि १९७८ ला इंग्लंड पात्रच ठरले नाही, हे आठवले की या माणसाच्या नशिबाविषयी थोडे वाईट वाटते.

सेंटर_हाफ

१७ ऑक्टोबर १९७३, वेम्बली, विश्वचषक पात्रतेचा जिंकावाच लागणारा सामना, पोलंडविरुद्ध १-१. चॅनन त्या सामन्यात होते. इंग्लंडने पोलंडच्या गोलवर अक्षरशः मारा केला आणि तरी सुटका झाली नाही. अशी संध्याकाळ पाहिलेल्या माणसाला लाँगशाँचा अर्धा तास कदाचित सोसला असेल.

थेम्सकाठी

२००८ च्या त्या शर्यतीविषयी एक गोष्ट राहून गेली आहे. २७ ऑगस्ट २००८ रोजी डॉनकास्टरच्या शिंगरांच्या लिलावाहून परतताना एम-१ महामार्गावर चॅनन यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. त्यांचे एक सहप्रवासी, जे घोडेखरेदीत त्यांचे जुने सोबती होते, त्यांचा त्यात मृत्यू झाला. चॅनन यांचा जबडा, हात आणि बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसालाही इजा झाली. झारकावाची शर्यत त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्याने झाली. म्हणजे युमझेन त्या वर्षी लाँगशाँला सज्ज होऊन उतरला तो बऱ्याच अंशी तबेल्यातील माणसांच्या जोरावर. प्रशिक्षकाने आपल्या माणसांना काय शिकवले आहे, हे तो हजर नसताना कळते, आणि इथे मला त्यांच्यातला संघात वाढलेला खेळाडू दिसतो. महालक्ष्मीकर फुटबॉलला जेवढे कमी श्रेय देतात, त्यापेक्षा थोडे अधिक मी देईन.

शंकेखोर

थेम्सकाठी, तुमचा हा मुद्दा मला कीर्तीच्या मुद्द्यापेक्षा जास्त पटतो. फुटबॉलने मालक दिले की नाही यावर मी माझ्या जागी ठाम आहे, पण फुटबॉलने माणसे सांभाळायला शिकवले असेल, हे मान्य करायला हरकत नाही. एक साधी शंका: आता तो तबेला कोण चालवते? आणि हे गृहस्थ केवळ सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतींचेच होते का? जेम्समीडचे वाचून विचारावेसे वाटले.

महालक्ष्मीकर

२०२२ चा हंगाम संपल्यावर चॅनन निवृत्त झाले आणि २०२३ पासून परवाना त्यांचे चिरंजीव जॅक यांच्या नावावर आहे. जॅक त्याआधी वडिलांचे साहाय्यक होते, म्हणजे उमेदवारीचा नियम घरातही मोडला गेला नाही.

मुख्य काम सपाट शर्यतींचेच, पण अडथळ्यांच्या शर्यतींचे वेड सुटले नव्हते. हेन्रिएटा नाइट यांनी परवाना सोडल्यावर त्यांचा समर्सबी हा नामांकित घोडा वेस्ट इल्स्लीला आला. चॅनन यांनी त्याला चेल्टनहॅमच्या क्वीन मदर चॅम्पियन चेसमध्ये २०१४ ला उतरवले आणि २०१५ ला पुन्हा उतरवले. दोन्ही वर्षी तो दुसरा आला.